फाईल आहे, पण फोल्डरमध्ये नाही

'फाईल तयार होतेय, पण फोल्डरमध्ये दिसत नाही' अशी तक्रार आमच्या पुतण्याने केली तेव्हा मला ती भुताटकीच वाटली. खोदत गेलो तर तिची मुळं १९७६ सालात निघाली. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, म्हटलं लिहूनच टाकावं.

प्रोग्रामर लिहितो तो मजकूर वेगळा आणि यंत्र चालवतं ती फाईल वेगळी. पहिल्यातून दुसरी तयार करणं म्हणजे कंपाईल करणं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन एकदा स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत तणतणत आले. सकाळभर ते प्रोग्राममधली चूक शोधत होते. चूक केव्हाच दुरुस्त झाली होती, फक्त फाईल पुन्हा कंपाईल करायची राहिली होती. चालत होती ती जुनीच! फेल्डमन यांची आदली संध्याकाळही अशाच भानगडीत गेली होती. त्यातून त्यांनी 'मेक' हे अवजार लिहिलं. डिस्कवरच्या दोन्ही फायलींच्या वेळा बघायच्या आणि मूळ मजकूर नंतरचा असेल तरच पुन्हा कंपाईल करायचं, एवढीच युक्ती.

(थोडं विषयांतर. मेकमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅब द्यावाच लागतो. हे गैरसोयीचं आहे हे फेल्डमनना लवकरच कळलं, पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते, त्यांचं बिघडू नये म्हणून तसंच ठेवलं. रूढी अशाच पडतात.)

असो. मेकची सगळी भिस्त डिस्कवर. २०१२ मध्ये जर्मनीच्या टोबियास कॉपर्स यांनी वेबपॅक सुरू केलं. वेबसाईटच्या ढीगभर फायलींची मोट बांधणारं हे अवजार. त्याच्या डेव्ह-सर्व्हरने डिस्कला फाटाच दिला. एक अक्षर बदललं की नवी फाईल तयार, पण ती मेमरीत, आणि तिथूनच थेट ब्राउझरकडे. वेग भरपूर मिळतो. सर्व्हर बंद केला की सगळं गेलं.

आमच्या पुतण्याची पानं मात्र पीएचपीचा दुसराच सर्व्हर देत होता. त्याला वेबपॅकची मेमरी कुठून दिसणार? त्याला फोल्डर तेवढं ठाऊक. तिथे मागच्या खेपेची फाईल पडलेली असली तर तो निमूटपणे तीच देतो. म्हणजे जॉन्सनसाहेबांची ती सकाळ पुन्हा आलीच की!

यावर आधी 'राईट-फाईल-वेबपॅक-प्लगइन' निघालं. कॉन्फिगच्या फायलीत प्लगइनच्या यादीत ते घातलं की मेमरीतल्या फायली डिस्कवरही उतरतात. २०१८ मध्ये डेव्ह-सर्व्हरमध्येच 'राईट-टू-डिस्क' ही सोय आली. २०२१ च्या चौथ्या आवृत्तीत ती 'डेव्ह-मिडलवेअर' या कप्प्यात हलवली, म्हणून जुन्या जागी लिहिलं तर सर्व्हर सुरूच होत नाही. तिथे नुसतं 'ट्रू' लिहिलं तर प्रत्येक बदलाचे 'हॉट-अपडेट'चे तुकडेही फोल्डरमध्ये साचत जातात. 'ट्रू'ऐवजी छोटं फंक्शन दिलं, तर नाव बघून तेवढे गाळता येतात.