पिरनाचा बाजारचौक : एका नगरदृश्याचे स्वामित्व

बेर्नार्दो बेलोत्तो (१७२२–१७८०) हा व्हेनिसच्या कानालेत्तोचा भाचा. मामाचे नाव तोही लावीत असे. १७४७ मध्ये तो ड्रेस्डेनला गेला आणि पुढल्याच वर्षी सॅक्सनीचा अधिपती व पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस याचा दरबारी चित्रकार झाला. राजासाठी त्याने एल्ब नदीकाठच्या पिरना या गावाची दृश्ये रंगविली. बाजारचौकाचे चित्र त्यांपैकीच एक : मध्यभागी नगरभवन, मागे चर्चचे प्रचंड छप्पर, वर टेकडीवरील किल्ला.

१७५६ मध्ये प्रशियाचे सैन्य सॅक्सनीत शिरले आणि राजा वॉर्साला निघून गेला. १७६३ मध्ये राजा निवर्तला व बेलोत्तोचे दरबारी पदही गेले. मग खाजगी गिऱ्हाइकांसाठी तो आपल्याच गाजलेल्या दृश्यांच्या आवृत्त्या करू लागला. १७६४ च्या सुमाराची बाजारचौकाची आवृत्ती ही अशी, आश्रय तुटल्यानंतरची. तिला निव्वळ नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल. हात मूळ चित्रकाराचाच आहे. मात्र इतरांनीही या दृश्याच्या नकला केल्या, आणि पुढचा घोळ त्यातूनच झाला.

विसाव्या शतकात ही आवृत्ती मॅक्स एम्डेन या ज्यू वंशाच्या जर्मन व्यापाऱ्याकडे होती. तो स्वित्झर्लंडमध्ये राहत असे. त्याची जर्मनीतील मालमत्ता नाझी राजवटीच्या कचाट्यात सापडली होती. १९३८ मध्ये त्याने बेलोत्तोची तीन चित्रे विकली. ती हिटलरच्या लिंझ येथील नियोजित संग्रहालयासाठी घेतली गेली. १९४० मध्ये एम्डेन वारला.

युद्धानंतर ही चित्रे मित्रराष्ट्रांच्या म्युनिक येथील संकलन केंद्रात आली. नेदरलँड्सने तेथे बाजारचौकाच्या एका नकलेवर हक्क सांगितला होता; अधिकाऱ्यांनी चुकून एम्डेनचे अस्सल चित्र धाडले. चूक उमगेपर्यंत डच सरकारने ते ह्यूगो मोझर या दावेदाराच्या हाती दिले होते. १९५२ मध्ये मोझरने ते अमेरिकन संग्राहक सॅम्युएल क्रेस याच्या प्रतिष्ठानाला विकले. १९६१ मध्ये ते ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयाला देणगीरूपाने मिळाले.

उरलेली दोन चित्रे जर्मन सरकारकडे राहिली. एम्डेनची विक्री राजीखुशीची नव्हती, छळातून आलेल्या आर्थिक कोंडीमुळे झाली होती, असा निर्वाळा जर्मन सल्लागार आयोगाने २०१९ मध्ये दिला, आणि ती वारसांना परत मिळाली. तिसऱ्यासाठी वारसांनी अमेरिकेत दावा लावला. तो २०२२ मध्ये फेटाळला गेला; २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. परकीय सरकारच्या शासकीय कृतीचा फेरविचार अमेरिकन न्यायालये करीत नाहीत, हे त्यामागील तत्त्व. १९३८ ची विक्री स्वेच्छेची की सक्तीची, या प्रश्नाला न्यायालयाने हातच घातला नाही.