कोम्पान्योनी, देबोरा

कोम्पान्योनी, देबोरा : (४ जून १९७० – ). इटलीची विख्यात अल्पाइन स्कीपटू. आल्बेरव्हिल (१९९२), लिलहॅमर (१९९४) आणि नागानो (१९९८) अशा लागोपाठच्या तीन हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक मिळविले. तीन वेगवेगळ्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारी ती पहिली अल्पाइन स्कीपटू होय; तोवर पुरुष स्पर्धकांपैकीही कोणाला हे साधले नव्हते. जायंट स्लालम या प्रकारावर तिचे विशेष प्रभुत्व होते. ऑलिंपिकमधील तीन सुवर्ण व एक रौप्य, जागतिक विजेतेपद स्पर्धांतील तीन सुवर्ण आणि जागतिक करंडक मालिकेतील १६ विजय ही तिची ठळक कमाई. कारकिर्दीत गुडघ्यांच्या दुखापती तिच्या सतत पाठीस लागल्या होत्या.

जन्म व बालपण : देबोराचा जन्म इटलीच्या उत्तर सीमेजवळील बोर्मिओ येथे झाला. तिचे बालपण तेथून जवळच असलेल्या सांता कातेरिना व्हालफुर्व्हा या गावी गेले. लोम्बार्डी प्रांताच्या सोन्द्रिओ जिल्ह्यातील हे गाव समुद्रसपाटीपासून १,७०० मीटरहून अधिक उंचीवर, स्टेल्व्हिओ राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात वसले आहे. हिवाळ्यात बर्फाने वेढल्या जाणाऱ्या या खोऱ्यात स्कीइंग हा खेळ आहे, तसाच तो पोटापाण्याचा धंदाही आहे. हॉटेले, स्की शिकवणारे प्रशिक्षक, डोंगरवाटांचे वाटाडे यांवर गावाचे अर्थकारण चालते. कोम्पान्योनी कुटुंबाचेही गावात हॉटेल होते, त्यामुळे मुलांच्या पायांना स्की लहानपणीच लागल्या. ३१ जुलै १९५४ रोजी लीनो लाचेदेल्ली याच्यासह काराकोरममधील के-२ शिखरावर पहिले पाऊल ठेवणारा आकिल्ले कोम्पान्योनी हा गिर्यारोहकही याच गावचा आणि याच आडनावाचा.

पार्श्वभूमी : देबोरा लहान असताना इटलीच्या पुरुष स्कीपटूंचा मोठा दबदबा होता. गुस्ताव थोनी आणि पिएरो ग्रोस यांच्या संघाने १९७०च्या दशकात जागतिक करंडक मालिका गाजविली होती. महिलांच्या नावावर त्या मानाने फारसे काही नव्हते. १९७६च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये क्लाउदिया जोर्दानी हिने स्लालममध्ये रौप्यपदक आणि १९८४च्या सारायेवो ऑलिंपिकमध्ये पाओलेत्ता मागोनी हिने त्याच प्रकारात सुवर्णपदक मिळविले होते. मागोनीचे सुवर्ण हे अल्पाइन स्कीइंगमध्ये इटालियन स्त्रीने मिळविलेले पहिलेच ऑलिंपिक सुवर्ण होते. त्यात भर पडायला आठ वर्षे जावी लागली आणि ती घातली देबोराने.

शर्यतींचे प्रकार : देबोराच्या कारकिर्दीचे वळण समजून घेण्यासाठी अल्पाइन स्कीइंगचे चार मुख्य प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. डाउनहिल ही सर्वांत वेगवान शर्यत. तीत ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने एकाच फेरीत उतार पार करायचा असतो. सुपर-जी हीदेखील एकाच फेरीची वेगाची शर्यत असते, मात्र तीत वळणे अधिक असतात आणि नेमक्या त्या मार्गावर स्पर्धकाला आधी सराव करता येत नाही. फक्त मार्गाची पाहणी करता येते. जायंट स्लालम आणि स्लालम हे तंत्राचे प्रकार. त्यांत रोवलेल्या काठ्यांच्या फाटकांमधून वळणे घेत उतरायचे, दोन वेगळ्या आखणीच्या फेऱ्या पूर्ण करायच्या आणि दोन्ही वेळांची बेरीज करून निकाल लावायचा. स्लालममध्ये फाटके अगदी जवळजवळ असतात, तर जायंट स्लालममध्ये ती लांब अंतरावर असल्याने प्रत्येक वळणाचा घेर मोठा होतो. वळणात स्की आडवी घसरली, की वेग जातो. ती धारेवर टिकली, की वेग राखला जातो. निकाल शतांश सेकंदांत लागत असल्याने एका वळणातली चूकही महाग पडते.

देबोराने सुरुवात वेगाच्या शर्यतींतूनही केली होती. परंतु तरुण वयातच फ्रान्समधील व्हाल दिझेर येथे डाउनहिल शर्यतीत तिच्या उजव्या गुडघ्याला गंभीर इजा झाली. पुढे आतड्याच्या विकारासाठी तिच्यावर मोठी शस्त्रक्रियाही करावी लागली. विशीत पाऊल टाकताना ती दोन मोठ्या दुखण्यांतून उठलेली होती. या सगळ्यानंतर डाउनहिलचा नाद तिने जवळजवळ सोडला. जानेवारी १९९२ मध्ये फ्रान्समधील मोर्झिन येथे सुपर-जी शर्यत जिंकून तिने जागतिक करंडकातील पहिला विजय नोंदविला. आल्बेरव्हिल ऑलिंपिक तेव्हा तोंडावर आले होते.

आल्बेरव्हिल, १९९२ : १८ फेब्रुवारी १९९२ रोजी मेरिबेल येथे महिलांची सुपर-जी शर्यत झाली. देबोराने ती १ मिनिट २१.२२ सेकंदांत पूर्ण केली. दुसऱ्या क्रमांकावरील फ्रान्सची कारोल मेर्ल हिच्यापेक्षा ती १.४१ सेकंदांनी पुढे होती. तिसरे स्थान जर्मनीच्या काट्या झाइट्सिंगर हिला मिळाले. मेर्ल घरच्या प्रेक्षकांसमोर खेळत होती आणि सुवर्णाची प्रमुख दावेदार मानली जात होती. जिथे पदके दशांश सेकंदांच्या फरकाने ठरतात, तिथे दीड सेकंदाच्या आसपासचे अंतर फार मोठे समजले जाते. त्याच दिवशी व्हाल दिझेर येथे आल्बेर्तो तोम्बा याने पुरुषांची जायंट स्लालम जिंकली. इटलीच्या अल्पाइन स्कीइंगला एका दिवसात दोन सुवर्णपदके मिळाली.

हा आनंद एक दिवसही टिकला नाही. १९ फेब्रुवारीला महिलांच्या जायंट स्लालमची पहिली फेरी चालू असताना देबोरा कोसळली आणि तिच्या डाव्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. उताराशेजारच्या ध्वनिक्षेपकांनी टिपलेली तिची किंकाळी दूरचित्रवाणीवरून घरोघर ऐकू गेली. आदल्या दिवशीची विजेती स्ट्रेचरवरून खाली नेली गेली आणि शस्त्रक्रिया व दीर्घ उपचारांचा काळ पुन्हा सुरू झाला.

लिलहॅमर, १९९४ : हिवाळी ऑलिंपिक उन्हाळी ऑलिंपिकपासून वेगळ्या वर्षी भरविण्याचा निर्णय झाल्याने पुढचे हिवाळी ऑलिंपिक चारऐवजी दोनच वर्षांनी नॉर्वेमधील लिलहॅमर येथे झाले. उद्‌घाटन सोहळ्यात इटलीचा ध्वज देबोराच्या हाती होता. वेगाच्या शर्यतींपेक्षा जायंट स्लालम हाच आता तिचा मुख्य प्रकार झाला होता. हाफ्येल येथील उतारावर तिने दोन फेऱ्यांत एकूण २ मिनिटे ३०.९७ सेकंद अशी वेळ नोंदविली आणि जर्मनीच्या मार्टिना एर्टलला १.२२ सेकंदांनी मागे टाकले. स्वित्झर्लंडची अनुभवी फ्रेनी श्नायडर तिसरी आली. जानेवारी १९९४ मध्ये गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथील डाउनहिल शर्यतीत ऑस्ट्रियाची उलरिके मायर मृत्युमुखी पडली होती. देबोराने आपले सुवर्णपदक तिच्या स्मृतीला अर्पण केले.

जागतिक विजेतेपदे : स्पेनमधील सिएरा नेवादा येथील जागतिक विजेतेपद स्पर्धा १९९५ मध्ये व्हायची होती, पण बर्फाअभावी ती वर्षभर पुढे ढकलावी लागली. १९९६ मध्ये तेथे देबोराने जायंट स्लालमचे सुवर्णपदक मिळविले. त्याच स्पर्धेत तोम्बाने स्लालम व जायंट स्लालम, तर इझोल्दे कोस्टनरने सुपर-जी जिंकली. इटलीच्या स्कीइंगचा तो भरभराटीचा काळ होता आणि त्यात महिलांचा वाटा पुरुषांच्या बरोबरीचा होता.

फेब्रुवारी १९९७ मध्ये ही स्पर्धा इटलीतच, पिएमोन्तेमधील सेस्त्रिएरे येथे भरली. देबोराने जायंट स्लालममधील विजेतेपद राखले आणि स्लालमचे सुवर्णही जिंकले. स्लालममध्ये दुसरी आलेली लारा मागोनी हीसुद्धा इटलीचीच, त्यामुळे घरच्या मैदानावर पहिल्या दोन्ही जागा इटलीकडे राहिल्या. स्लालम हा देबोराचा मुख्य प्रकार कधीच नव्हता. जागतिक करंडकातील तिच्या १६ विजयांपैकी १३ जायंट स्लालममध्ये, दोन सुपर-जीमध्ये आणि स्लालममध्ये केवळ एक आहे. म्हणूनच सेस्त्रिएरेतील दुसरे सुवर्ण अधिक लक्षणीय ठरते. १९९६–९७च्या हंगामात जायंट स्लालममधील सर्वोत्तम स्पर्धकाला मिळणारा स्फटिकाचा छोटा गोलकही तिने पटकावला. त्यानंतरच्या हंगामाच्या सुरुवातीस, नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेतील पार्क सिटी येथे तिने जायंट स्लालम तीन सेकंदांहून अधिक फरकाने जिंकली. वर्षभर या प्रकारात तिला तुल्यबळ अशी स्पर्धक जवळपास नव्हती.

नागानो, १९९८ : जपानमधील नागानो ऑलिंपिकच्या स्लालम व जायंट स्लालम शर्यती शिगा कोगेन येथे झाल्या. १९ फेब्रुवारीच्या स्लालममध्ये पहिल्या फेरीअखेर देबोरा आघाडीवर होती. दुसऱ्या फेरीत ती आघाडी विरघळली. जर्मनीच्या हिल्डे गेर्गची एकूण वेळ १ मिनिट ३२.४० सेकंद, तर देबोराची १ मिनिट ३२.४६. सहा शतांश सेकंदांनी सुवर्ण हुकले आणि रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. ऑस्ट्रेलियाची झाली स्टेगल तिसरी आली.

दुसऱ्याच दिवशी जायंट स्लालम होती. तीत देबोराने २ मिनिटे ५०.५९ सेकंद अशी वेळ देत ऑस्ट्रियाच्या आलेक्झांड्रा माइसनित्सरला १.८० सेकंदांनी मागे टाकले. सलग दुसऱ्यांदा जायंट स्लालमचे ऑलिंपिक सुवर्ण तिच्याकडे आले आणि तीन ऑलिंपिकमधील तिसरे सुवर्णपदक पूर्ण झाले. तिन्ही सुवर्णांमध्ये दुसऱ्या क्रमांकाशी असलेले अंतर एक सेकंदाहून अधिक आहे, ही गोष्ट नुसत्या पदकसंख्येपेक्षा बोलकी आहे.

शैली : देबोरा ताकदीने स्की रेटणारी स्पर्धक नव्हती. गुडघ्यांनी मर्यादा घातल्या असताना तिचा भर तोल, मोजके दाब आणि अचूक मार्गनिवड यांवर राहिला. वळण घेण्याची तयारी ती फाटकापाशी पोहोचण्याआधीच करी. त्यामुळे फाटक ओलांडेपर्यंत वळण बरेचसे पूर्ण झालेले असे आणि स्की पुढच्या उताराकडे मोकळी सुटे. वरचा देह शांत, पाय मात्र सतत कामात, असे तिच्या उतरण्याचे रूप असे. आजच्यासारख्या मधोमध बारीक होत गेलेल्या आखूड स्की तिच्या ऐन उमेदीच्या काळात शर्यतींत रुळलेल्या नव्हत्या. लांब, जवळजवळ सरळ स्कींवर अशी गोलाई साधणे अधिक कौशल्याचे काम होते.

निवृत्ती व नंतरचे जीवन : १९९८–९९च्या हंगामानंतर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी देबोराने स्पर्धात्मक स्कीइंगमधून निवृत्ती घेतली. उद्योजक आलेस्सान्द्रो बेनेत्तोन याच्याशी तिचा २००८ मध्ये विवाह झाला. त्यांना तीन अपत्ये आहेत. पुढे ते दोघे विभक्त झाले. रक्ताच्या कर्करोगाविरुद्धच्या कार्यासाठी निधी जमविणारी ‘शारे पेर ला व्हिता’ ही संस्था तिने उभी केली. २००६च्या तोरिनो हिवाळी ऑलिंपिकच्या उद्‌घाटन सोहळ्यात मैदानात मशाल वाहून नेणाऱ्यांमध्ये तिचा समावेश होता. डोंगरातील आपल्या जगण्याविषयी तिने पुस्तकही लिहिले आहे. सांता कातेरिना येथील एका स्की-मार्गाला तिचे नाव देण्यात आले असून डिसेंबर २०१४ मध्ये पुरुषांच्या जागतिक करंडकातील डाउनहिल शर्यत याच मार्गावर झाली. ज्या प्रकाराला तिला लवकर मुकावे लागले, त्याच प्रकारात इतर स्पर्धक तिच्या नावाच्या उतारावर झुंजले.

मूल्यमापन : देबोराची तुलना नेहमी समकालीन तोम्बाशी होते. जागतिक करंडकात त्याचे ५० विजय आहेत, तिचे १६. सर्व प्रकार मिळून दिला जाणारा जागतिक करंडक तिला कधीच मिळाला नाही. दुखापतींमुळे हंगामामागून हंगाम सलग खेळणे तिला शक्य झाले नाही आणि गुणांची बेरीज सातत्याने खेळणाऱ्यांच्याच बाजूने झुकते. मात्र चार वर्षांतून किंवा दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या दिवशी ती क्वचितच चुकली. १६ विजयांचा तिचा आकडा इटालियन महिलांमध्ये दोन दशकांहून अधिक काळ सर्वाधिक राहिला. डिसेंबर २०२१ मध्ये सेंट मॉरिट्झ येथे सुपर-जी जिंकून फेदेरिका ब्रिन्योने हिने १७वा विजय मिळविला आणि तो विक्रम मागे पडला. पुढे सोफिया गोज्जा हिनेही १६चा आकडा ओलांडला.