विक्रीनंतर काढून घेतलेली सुविधा : ‘प्लेस्टेशन ३’ संबंधीचा सामूहिक दावा (२०१०-२०१८)

विकलेल्या वस्तूवर विक्रेत्याचा अधिकार कोठवर राहतो, हा प्रश्न व्यापाराइतकाच जुना आहे. विकलेल्या कपाटाचा एक कप्पा काढून नेण्यासाठी सुतार ग्राहकाच्या घरी पुन्हा येत नाही. संगणकीय वस्तूच्या बाबतीत मात्र असा प्रसंग अमेरिकेत उद्भवला आणि तो मिटण्यास आठ वर्षे लागली. प्रस्तुत लेखात त्या दाव्याचा मागोवा घेतला आहे.

सोनी कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये ‘प्लेस्टेशन ३’ हा गेम कन्सोल बाजारात आणला. अमेरिकेत त्याची किंमत ४९९ व ५९९ डॉलर होती. ‘अदर ओएस’ या सुविधेमुळे त्यावर लिनक्स प्रणाली बसवून त्याचा संगणकाप्रमाणे उपयोग करता येई. ही केवळ हौशी मंडळींची बाब नव्हती. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेतील भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना यांनी २००७ पासून असे कन्सोल एकमेकांस जोडून कृष्णविवरांविषयीची आकडेमोड केली; अमेरिकी हवाई दलाने २०१० मध्ये १,७०० हून अधिक कन्सोल जोडून महासंगणक उभारला. कन्सोल आरंभी तोट्यात विकून तो तोटा खेळांच्या विक्रीतून भरून काढणाऱ्या कंपनीस असे ग्राहक फारसे लाभदायक नव्हते, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या सडपातळ आवृत्तीत ही सुविधा नव्हती. जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणाने तिच्याच आधारे कन्सोलचे सुरक्षाकवच भेदल्याचे जाहीर केले. १ एप्रिल २०१० रोजी सोनीने सुरक्षेचे कारण देऊन ३.२१ क्रमांकाची सुधारित आज्ञावली प्रसृत केली व जुन्या कन्सोलमधूनही ती सुविधा काढून टाकली. आज्ञावली स्वीकारणे ऐच्छिक होते, पण नावापुरतेच. न स्वीकारणाऱ्यास प्लेस्टेशन नेटवर्क बंद झाले. नवी आज्ञावली आवश्यक असलेले खेळ व ब्लू-रे चित्रपटही त्यास अप्राप्य झाले. पैसे दोन्ही उपयोगांचे मोजले होते. आता त्यांपैकी एकावर पाणी सोडणे भाग होते. दाव्याचे मर्म सुरक्षेच्या प्रश्नात नसून या लादलेल्या निवडीत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२७ एप्रिल २०१० रोजी उत्तर कॅलिफोर्नियाच्या संघीय जिल्हा न्यायालयात समस्त ग्राहकांच्या वतीने दावा दाखल झाला. न्या. रिचर्ड सीबॉर्ग यांनी डिसेंबर २०११ मध्ये तो फेटाळला. ग्राहकांचा असंतोष समजण्याजोगा असला, तरी कंपनीस उत्तरदायी ठरविणारा कायदेशीर आधार वादींनी मांडला नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविषयीचा भाग पुन्हा जिवंत केला. २०१६ च्या तडजोडीत लिनक्स प्रत्यक्ष वापरणाऱ्यास ५५, तर इतरांस ९ डॉलर देऊ करण्यात आले. वकिलांचे शुल्क मात्र २२.५ लाख डॉलर. न्यायाधीशांनी २०१७ मध्ये ती नाकारली, हे योग्यच झाले. २०१८ मध्ये ३७.५ लाख डॉलरची तडजोड मंजूर होऊन दावेदारांच्या हाती प्रत्येकी सुमारे १० डॉलर पडले.

दावा दाखल झाल्यास नेमके एक वर्ष झाले त्या दिवशी, २७ एप्रिल २०११ रोजी, ‘एटी अँड टी मोबिलिटी विरुद्ध कन्सेप्शन’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, सामूहिक दाव्याचा हक्क सोडून देण्याचे लवाद करारातील कलम राज्याच्या कायद्याने रद्द ठरविता येणार नाही, असा निर्णय दिला होता. सप्टेंबर २०११ मध्ये सोनीने आपल्या नेटवर्कच्या अटींत तसेच कलम घातले. ३० दिवसांच्या आत टपालाने लेखी नकार न कळविणाऱ्या सदस्यास पुढील वादांत सामूहिक दावा करता येणार नव्हता. आणि नव्या अटी स्वीकारल्याखेरीज नेटवर्कवर प्रवेश नव्हता.