सायकलवरून लॅपटॉप नेताय? पॅनिअर घेताना हे तपासा

पॅनिअर म्हणजे सायकलच्या कॅरिअरला बाजूने अडकवायची बॅग. राजारामपुरीतून शिवाजी विद्यापीठाकडे किंवा शिरोली एमआयडीसीत जाताना पाठ मोकळी राहते, पण खड्ड्यांचे दणके कॅरिअरमधून थेट लॅपटॉपला बसतात.

म्हणून आधी कप्पा बघा. तो फोमचा आणि बॅगेच्या तळापासून थोडा वर हवा. 15.6 इंच हे स्क्रीनच्या कर्णाचं माप आहे. त्यामुळे लॅपटॉप आत घालूनच बघा.

कोल्हापूरच्या पावसात 'वॉटर-रेझिस्टंट' पुरत नाही. तोंड गुंडाळून बंद होणारी, शिवणी सील केलेली बॅग घ्या.

शेवटी बॅग अडकवून पॅडल मारा. टाच लागली तर बॅग मागे सरकवा. हूकला लॉक नसेल तर घेऊ नका. मोठ्या खड्ड्यात बॅग उसळून निसटू शकते.