तगरची वाट

मुंबईहून लातूरकडे जाणारी गाडी धाराशिवला थांबली, की उतरणाऱ्या यात्रेकरूंची पावले बहुधा तुळजापूरच्या रस्त्याला लागतात. तेरणेच्या काठी असलेल्या तेर गावची एस.टी. धरणारे थोडे, आणि त्यांतही संत गोरोबाकाकांच्या समाधीच्या दर्शनाला निघालेले भाविक अधिक. केवळ इतिहासासाठी वाट वाकडी करून तेथे जाणारा विरळाच. परंतु सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, रोमन साम्राज्याच्या भरभराटीच्या काळात, या गावाचे नाव इजिप्तमधील व्यापाऱ्यांना ठाऊक होते. ते नाव होते तगर.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांचे एक माहितीपत्रक लिहून ठेवले. 'पेरिप्लस' या नावाने ते प्रसिद्ध आहे. लिहिणाऱ्याचे नाव मात्र काळाच्या उदरात गडप झाले. संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेणारे जहाज अलेक्झांड्रियाचे होते, असे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. त्याच अलेक्झांड्रियाच्या पेठेतून हिंदुस्थानचा माल रोमकडे जात असे, आणि काळही साधारण तोच. या व्यापाऱ्याने दख्खनमधील दोन बाजारपेठांना विशेष महत्त्व दिले आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर. पैठणहून अकीक येई. तगरहून जाडेभरडे कापड, तलम मलमल आणि इतर माल. हा सारा माल गाड्यांवर लादून, जेथे रस्ता म्हणून नाही अशा विस्तीर्ण प्रदेशांतून भडोचला पोहोचे, असेही तो सांगतो.

येथे वाचकांच्या मनात सहज प्रश्न उभा राहील. कल्याण आणि सोपारा ही बंदरे त्या मानाने कितीतरी जवळ असताना तगरच्या गाडीवानाने महिनाभर बैल हाकीत भडोच का गाठावे? त्याचे उत्तर त्याच पुस्तकात मिळते. कल्याणचे बंदर पूर्वी व्यापाराला खुले होते. पुढे सत्तेच्या झगड्यात ते कोंडले गेले आणि तेथे चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या वैराचा भुर्दंड असा गाडीवानाच्या आणि त्याच्या बैलांच्या पाठीवर बसला. राजांची नावे नाण्यांवर उरली. त्या गाडीवानाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

पुढे तगर हे नाव वापरातून गेले आणि शहर नेमके कोठे होते याविषयी पंडितांत वाद माजला. कोणी देवगिरीकडे बोट दाखविले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर सुचविले, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर. अखेर १९०१ साली डॉ. फ्लीट यांनी तेर हेच तगर, असे साधार मांडले. तेर हे पैठणच्या थेट पूर्वेस नसून आग्नेयेस आहे, ही अडचण खरी. पण अंतराचा हिशेब मात्र चोख जुळतो. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे वीस दिवसांत रोजचे सतरा-अठरा. पैठण ते तेर सुमारे दीडशे, म्हणजे दहा दिवसांत रोजचे पंधरा. लादलेल्या बैलगाडीची चाल ज्याने पाहिली आहे, त्याला हे आकडे वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत. आम्हांला तर हा पुरावा दिशेच्या पुराव्याहून अधिक विश्वसनीय वाटतो. ऐकीव माहितीत दिशा चुकते, चालून दमलेला माणूस मुक्काम सहसा चुकत नाही.

फ्लीट यांच्या लेखानंतर पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स स्वतः तेरला गेले. त्यांनी तेथील टेकाडे पाहिली, आणि त्रिविक्रमाचे विटांचे देऊळही पाहिले. मागील बाजूस अर्धगोलाकार आणि पुढे चैत्याची कमान असलेले हे देऊळ मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे त्यांचे मत पडले. आज तेथे विष्णूची पूजा चालते.

पुढे १९५८ च्या सुमारास चापेकरांनी तेथे उत्खनन केले. परंतु तेरचे खरे धन जपले ते गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी. शेतात, पांढरीत, पावसाने उघडे पडलेले मणी, नाणी, मृण्मूर्ती त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या. आज शासनाचे वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावाने तेथे उभे आहे. आम्ही ते पाहिले तेव्हा सर्वांत अधिक वेळ थांबलो ते पांढऱ्या चिकणमातीच्या, दुहेरी साच्यात घडविलेल्या बाहुल्यांपाशी. साच्याचे हे तंत्र रोमन जगाशी नाते सांगते, असे अभ्यासक म्हणतात. तेरला हस्तिदंती स्त्रीमूर्तीही मिळाली आहे. तिच्याशी साम्य असणारी एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेई येथे सापडली. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच समुद्र ओलांडून गेली होती.

ठाणे-वसईकडील वाचकांना तगर परके वाटण्याचे कारण नाही. उत्तर कोकणावर राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःस 'तगरपुरपरमेश्वर' म्हणवीत. सोपारा, ठाणे त्यांच्या हाती होते; तरीही आपण मूळचे तगरचे, हा अभिमान त्यांनी शतकानुशतके मिरविला. कोल्हापूरच्या शिलाहारांनीही तशाच अर्थाचे बिरुद लावले.

प्रवासाला पैसा लागतो, अशी तक्रार आमच्या तरुणांकडून आम्ही ऐकतो. तेरला जाण्यास गाडीचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट, पुढे एस.टी. आणि एक शिदोरी एवढे पुरे. उन्हाळा मात्र टाळावा. टेकाडांवर फिरताना एखादे खापर पायाशी आले तर पाहावे आणि तेथेच ठेवावे.