त्रैक्याचे प्रमाणवचन

ईश्वर एक असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती त्याच्या ठायी आहेत, आणि त्या तिन्ही समान, सनातन व एकतत्त्व आहेत, हा ख्रिस्ती धर्मातील त्रैक्याचा सिद्धांत आमच्या बहुतेक वाचकांस निदान ऐकून तरी ठाऊक असेल. तो युक्तीला पटतो की नाही, ह्या वादात शिरण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. ज्या देशात अद्वैत, विशिष्टाद्वैत व द्वैत ह्या मतांचे आचार्य एकाच ब्रह्मसूत्रांवर परस्परविरुद्ध भाष्ये रचून गेले, त्या देशातील मनुष्याने एक आणि तीन ह्यांच्या हिशेबावरून दुसऱ्यास हसू नये हेच बरे. आमचा प्रश्न त्याहून पुष्कळ लहान आहे. हा सिद्धांत खुद्द बायबलात आहे काय? आणि आहे म्हणावे, तर कोणत्या वाक्यात?

शेकडो वर्षे ह्या प्रश्नाला अगदी सरळ उत्तर देता येत असे. नव्या करारातील योहानाचे पहिले पत्र काढावे, त्याच्या पाचव्या अध्यायातील सातव्या वचनावर बोट ठेवावे, की काम झाले. स्वर्गात साक्ष देणारे पिता, शब्द व पवित्र आत्मा असे तिघे असून ते तिघे एकच होत, असा त्या वचनाचा आशय. साऱ्या बायबलात त्रैक्य इतक्या उघड शब्दांत सांगणारे दुसरे वाक्य नाही. आणि नेमके हेच वाक्य मूळ ग्रंथातले नव्हे, असे आज कॅथलिक काय किंवा प्रॉटेस्टंट काय, बहुतेक सर्व विद्वान मान्य करितात. ते तेथे आले कसे, आणि तेथून निघण्यास त्याला इतका काळ का लागला, ही हकीकत सांगण्याजोगी आहे.

बाझल शहरी फ्रोबेन नामक मुद्रकाच्या छापखान्यातून १५१६ साली एरॅस्मस ह्या डच पंडिताने नव्या कराराचा ग्रीक पाठ छापून प्रसिद्ध केला. तोवर पश्चिम युरोपात सुमारे हजार वर्षे लॅटिन भाषांतर हेच बायबल होऊन बसले होते. एरॅस्मसच्या हाताशी ग्रीक पोथ्या मोजक्याच होत्या आणि काम तर विलक्षण घाईचे. 'प्रकटीकरण' ह्या शेवटल्या पुस्तकाच्या त्याच्या पोथीचे अखेरचे पान गहाळ झालेले होते. तेव्हा ह्या गृहस्थाने तेथली वचने लॅटिनवरून आपणच ग्रीकमध्ये करून दडपून दिली! इतकी सोय पाहणाऱ्या संपादकानेही योहानाच्या पत्रात ते प्रसिद्ध वाक्य मात्र घातले नाही. त्याला मिळालेल्या एकाही ग्रीक पोथीत ते नव्हते. १५१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही त्याने ते गाळलेच.

मग जो गहजब व्हावयाचा तो झाला. इंग्लंडातून एडवर्ड ली व स्पेनमधून थुनिगा हे दोघे एरॅस्मसवर तुटून पडले. आर्यस ह्या जुन्या पाखंड्याचे मत हा मागील दाराने आत आणीत आहे, असा त्यांचा आरोप. एरॅस्मसचे उत्तर साधे होते: पोथीत सापडते तर घातले असते, सापडले नाही म्हणून घातले नाही. थुनिगा ज्या पंडितमंडळीपैकी होता, त्यांनी आल्काला येथे नव्या कराराचा जो ग्रीक पाठ १५१४ सालीच छापून ठेविला होता, त्यात हे वाक्य होते. परंतु कोणत्या ग्रीक पोथीच्या आधारे, असे विचारता थुनिगाने ग्रीक पोथ्या भ्रष्ट आहेत, सत्य आमच्या लॅटिनात आहे, असा पवित्रा घेतला. मुळास भाषांतरावरून सुधारावयाचे, असा हा न्याय! इकडे एरॅस्मसने रोमातील एका मित्राकडून व्हॅटिकनच्या प्राचीन पोथीतील ते स्थळ मुद्दाम तपासून घेतले. तेथेही वाक्य नव्हते.

इतक्यात इंग्लंडात एक ग्रीक पोथी निघाली, आणि तिच्यात ते वाक्य चांगले ठळक होते. ही पोथी आज डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. (ट्रिनिटी म्हणजे त्रैक्यच, योगायोग कधीकधी असा थट्टेखोर असतो.) तिचे लेखन सोळाव्या शतकाच्या आरंभीचे असून तिच्यातील हे वाक्य लॅटिनवरून ग्रीकमध्ये उतरविलेले दिसते. ती ह्या वादाकरिताच तयार झाली असावी, असा संशय पुष्कळांनी घेतला आहे. 'एक जरी ग्रीक पोथी दाखवाल तरी वाक्य घालीन', असे एरॅस्मस बोलून बसला व त्या शब्दात अडकला, ही कथा पुस्तकांमागून पुस्तकांत उतरत आली. पण डे योंगे ह्या डच अभ्यासकाने १९८० साली एरॅस्मसचे लेख तपासून असे काही वचन दिल्याचा पुरावाच नाही, हे दाखवून दिले. खरे कारण अधिक मानवी आहे. निंदकांस निमित्त उरू नये म्हणून त्याने १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत वाक्य घातले, आणि टिपणात आपला संशयही नमूद करून ठेविला. टिपण कोण वाचतो? वाक्य तेवढे पुढे गेले. तेथून ते पॅरिसच्या एस्तिएनच्या १५५० च्या ग्रीक आवृत्तीत उतरले, आणि १६११ साली जेम्स राजाच्या इंग्रजी बायबलात जाऊन बसले. लूथरने आपल्या हयातीत ते जर्मन भाषांतरात कधी येऊ दिले नाही. त्याच्या मृत्यूनंतर तेथेही ते शिरले.

आता हे वाक्य मुळात जन्मले कोठे? योहानाच्या पत्रात त्या ठिकाणी मूळचे साक्षी तीनच आहेत, पण ते आत्मा, पाणी व रक्त असे. आणि ह्या तिघांचे एकमत आहे, एवढेच तेथे म्हटले आहे. तीन आणि एक असे शब्द दिसले की भाविक टीकाकाराला त्रैक्याची आठवण व्हावी, ह्यात नवल ते काय? तिसऱ्या शतकाच्या मध्यास कार्थेजचा बिशप सिप्रियन हे शब्द पिता, पुत्र व आत्मा ह्यांस लावतो. पुढे ऑगस्टीन पाणी, रक्त व आत्मा ह्या तिन्हींचा तसाच गूढार्थ सांगतो. म्हणजे आधी अर्थ झाला. मग तो अर्थ कोणी लेखकाने समासात टिपला असावा, आणि पुढल्या नकलकाराने समासातील टीप मजकुरात घेतली असावी. वाक्य म्हणून ते प्रथम चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात, स्पेनमधील प्रिसिलियन अथवा त्याच्या एखाद्या अनुयायाच्या लेखात आढळते. हा प्रिसिलियन स्वतः पुढे देहांतशासन भोगून मेला. ४८४ साली आफ्रिकेतील बिशपांनी व्हँडल राजापुढे आपल्या मताच्या समर्थनार्थ ते वाक्य पुढे केले, तेव्हा ते लॅटिन मुलखात चांगले रुळलेले दिसते.

एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. जर्मनीतील फुल्डा येथे ५४६ च्या सुमाराची एक लॅटिन पोथी आहे. तिच्यात जेरोमच्या नावावर खपणारी एक प्रस्तावना असून, बेइमान भाषांतरकारांनी त्रैक्याचे हे वचन गाळले, अशी तीत तक्रार केलेली आहे. आणि खाली मजकुरात पाहावे, तर वचन नाहीच!

महाराष्ट्रीय वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार करण्याचे काम १९१९ साली हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे केले. त्यात लोकांच्या ओठी बसलेले कितीतरी श्लोक, नव्हे, आख्यानेच्या आख्याने, प्रक्षिप्त म्हणून तळटीपांत व परिशिष्टांत गेली. प्रक्षेप करणारा सर्वदा लबाडच असतो असे नाही. बहुधा तो भाविक असतो, आणि म्हणूनच तो पकडण्यास कठीण जातो.

परंतु आमच्याकडे पाठभेदावरून कोणास जाळल्याचे आम्ही ऐकले नाही. युरोपात ह्या विषयाला किंमत पडत असे. मायकेल सर्व्हेटस ह्या स्पॅनिश वैद्याने त्रैक्यमतातील चुकांवर १५३१ साली ग्रंथ लिहिला. १५५३ च्या ऑक्टोबरात जिनीव्हा येथे त्याला जिवंत जाळले. एडिंबरोचा टॉमस एकनहेड हा वीस वर्षांचा विद्यार्थी त्रैक्याची व बायबलाची टर उडविल्याच्या आरोपावरून १६९७ साली फासावर गेला. तेव्हा न्यूटनसारख्या पुरुषानेही तोंड मिटून घेतले ह्याचा अचंबा करण्याचे कारण नाही. न्यूटन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा फेलो. त्याने १६९० साली लॉक ह्या तत्त्ववेत्त्यास एक लांबलचक पत्र लिहून, योहानाच्या पत्रातील हे वाक्य व तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील आणखी एक स्थळ, ही दोन्ही मागाहून बिघडविलेली आहेत, असे पोथ्यांच्या साक्षीने सिद्ध केले. ते निनावी छापण्याकरिता हॉलंडात गेलेही होते. पण १६९२ साली न्यूटनला भय वाटले आणि त्याने छपाई थांबविली. लेख छापून निघाला तो १७५४ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी. त्याच्या जागी आलेला व्हिस्टन हा अधिक धीट, किंवा कमी शहाणा. त्याने आपले मत उघड केले व १७१० साली त्याची विद्यापीठातून हकालपट्टी झाली. इंग्लंडात त्रैक्य नाकारणाऱ्यावरचे कायद्याचे बडगे १८१३ साली दूर झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्सन ह्या ग्रीकज्ञाने वाक्याचा पुरता निकाल लाविला होता, तरी इंग्रजी बायबलातून ते गळाले १८८१ च्या सुधारलेल्या आवृत्तीत. रोमच्या धर्मपीठाने तर १८९७ साली त्याच्या खरेपणाविषयी शंका घेणे निर्धोक नाही असे ठरविले आणि १९२७ साली ती गाठ पुन्हा सैल केली.

मग वाक्य गेले, तर सिद्धांतही गेला काय? येथे प्रतिपक्षी घाई करितात, असे आमचे मत आहे. चौथ्या शतकात आर्यसाशी जो घनघोर वाद झाला, त्यात ग्रीक आचार्यांनी हे वाक्य एकदाही वापरले नाही. ते त्यांच्या पोथ्यांत असते, तर ह्याहून हाताशी येणारे शस्त्र कोणते होते? पण हाच पुरावा दुसऱ्या बाजूनेही कापतो: वाक्यावाचूनच त्यांनी सिद्धांत उभा केला. तिघांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची मत्तयाच्या अखेरची आज्ञा, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटचा आशीर्वाद, शब्द हा ईश्वर होता असे सांगणारा योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ, ही त्यांची सामग्री. आर्यसाजवळही सामग्री थोडी नव्हती. शेवटची घटका पुत्राला ठाऊक नाही असे मार्क सांगतो, पिता मजहून थोर आहे असे येशूच योहानात म्हणतो, आणि नीतिसूत्रांतील ज्ञान तर आपण निर्माण झाल्याचे बोलते. वचनाला वचन भिडले की वचनांनी निकाल लागत नाही. म्हणून ३२५ साली नायसियाच्या परिषदेने 'होमोऊसिओस', म्हणजे एकतत्त्व, हा शब्द योजिला. तो बायबलात कोठेच नाही. इतकेच नव्हे, तर २६८ साली अँटिओकच्या सभेने तो निषिद्ध ठरविला होता, असे त्या वेळचेच लोक सांगत. अथेनेशियस हा त्या शब्दाचा कट्टा पुरस्कर्ता, त्यासाठी पाच वेळा हद्दपार झालेला. शब्द शास्त्रातला नाही हे तोही कबूल करितो, अर्थ मात्र शास्त्रातला आहे म्हणतो. नाझियान्झसचा ग्रेगरी तर ह्याच्याही पुढे जातो. जुन्या कराराने पिता स्पष्ट व पुत्र अंधुक दाखविला, नव्याने पुत्र स्पष्ट करून आत्म्याच्या देवत्वाची सूचना तेवढी दिली, असे तो ३८० च्या सुमारास मोकळेपणी सांगतो.

आमच्या मते प्रामाणिक स्थिती हीच. सूत आहे ते शास्त्राचे. वस्त्र परिषदांनी विणले. ज्याची परिषदांवर श्रद्धा आहे त्याला ते खुशाल पांघरता येईल. पण शास्त्राबाहेर काहीच प्रमाण न मानणाऱ्याने दुसऱ्याच्या अंगावर ते बळेच घालावे, हे आम्हांस समजत नाही. कारण शास्त्र तेच वाचून दुसऱ्याचे विणकाम निराळे निघू शकते.

तसे ते हिंदुस्थानात निघालेही. श्रीरामपूरच्या ज्या बॅप्टिस्ट मिशनातून १८११ साली मराठी नवा करार बाहेर पडला, त्याच मिशनातील मार्शमन ह्यांच्याशी राममोहन रॉय ह्यांचा १८२० पासून ह्याच विषयावर वाद जुंपला. रॉय ह्यांनी येशूच्या उपदेशवचनांचा संग्रह काढला होता; त्यात चमत्कार व त्रैक्य ह्यांना जागा नव्हती. ह्या वादासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक ह्यांचा आधार घेतला. त्यांच्याबरोबर शुभवर्तमानांचे बंगाली भाषांतर करावयास बसलेला विल्यम अ‍ॅडम हा मिशनरी सर्व काही शब्दा'कडून' झाले की शब्दा'च्या द्वारे' झाले, ह्या एका ग्रीक अव्ययाशी अडखळला, आणि १८२१ साली स्वतःच एकेश्वरमतवादी झाला. 'दुसरा पतित आदाम' अशी त्याची थट्टा झाली. रॉय ह्यांचे तिसरे उत्तर बॅप्टिस्टांच्या छापखान्याने छापण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी आपला छापखाना घातला.

आमच्या घरचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढल्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात गेल्या. ज्यांना त्या 'आजीबाई' म्हणत त्या सिस्टर जेराल्डिन, व कॉलेजच्या मुख्य मिस बील, ह्यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालला. त्यात १८८५ साली त्रैक्याचा प्रश्न निघाला आणि तो मिटेना. ख्रिस्तावर बाईंची श्रद्धा होती. परंतु चर्चने ठरविले म्हणून एखादे मत मानावे, हे त्यांना कबूल नव्हते. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडविली, ती लगेच दुसऱ्याच्या जोखडाखाली देणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी स्पष्ट लिहिले. परदेशात, पदरी लहान मुलगी, राहणे व शिकणे ज्यांच्या आश्रयाने त्यांनाच हे उत्तर! जेराल्डिनबाईंना त्यात अहंकार दिसला. आम्हांला तेथे ग्रंथ स्वतः वाचून पाहण्याचा हक्क मागणारी एका शास्त्र्याची मुलगी दिसते. ही पत्रे मुंबईस १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आहेत, आणि कोणाही मराठी वाचकाने ती अवश्य पाहावीत.

पुढे रमाबाईंची श्रद्धा निराळ्या वळणांनी गेली. वाचण्याचा हक्क मात्र त्यांनी शेवटपर्यंत बजाविला. केडगावच्या मुक्तिसदनात उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि सबंध बायबल मुळावरून मराठीत आणण्यास बसल्या. १९२२ च्या एप्रिलात त्या वारल्या, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते.