चित्रातून ग्रंथाकडे : नायजेरियातील एक अनुभव

आफ्रिकी वाङ्मयाची गोडी तरुणांना लावावयाची तर चित्रकलेचे साहाय्य घ्यावे, असे सुचविले जाते. या सूचनेच्या मुळाशी बहुधा चित्र हे केवळ आमिष होय, अशी समजूत असते. नायजेरियाचा १९६० च्या सुमाराचा इतिहास पाहता ती टिकत नाही.

१९५८ साली झारिया येथील महाविद्यालयात उचे ओकेके, देमास न्वोको, ब्रूस ओनोब्राक्पेया आदी कलाविद्यार्थ्यांनी आपले मंडळ स्थापिले. पाश्चात्त्य तंत्र आत्मसात करावे, परंतु स्वतःच्या परंपरेकडे पाठ फिरवू नये, ही त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. १९६१ मध्ये इबादान येथे 'म्बारी' मंडळ निघाले आणि हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. 'म्बारी' हा इग्बो शब्द. ओवेरी भागात भूदेवी अला हिच्याप्रीत्यर्थ उभारल्या जाणाऱ्या, मातीच्या रंगीत मूर्तींनी भरलेल्या वास्तूचे ते नाव. या मंडळात चित्रे मांडली जात, नाटके होत आणि पुस्तकेही निघत. क्रिस्तोफर ओकिग्बो यांचा 'हेवन्सगेट' हा काव्यसंग्रह १९६२ मध्ये न्वोको यांच्या चित्रांसह येथूनच बाहेर पडला.

भाषाभ्यासकास याहून उद्बोधक उदाहरण फागुन्वा यांचे होय. शिकारी आकारा-ओगुन याच्या अरण्ययात्रेची त्यांची योरुबा कादंबरी १९३८ ची. वोले सोयिंका यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९६८ मध्ये ओनोब्राक्पेया यांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाला. योरुबा भाषेत सुराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ पालटतो. त्यावर आधारलेली नादक्रीडा इंग्रजीत उतरणे दुर्घट. चित्रकाराची मातृभाषा तर तिसरीच, उर्होबो. तथापि रेषेला अनुवादाची गरज नसते. नादाची उणीव चित्र भरून काढीत नाही, हे खरे. पण शब्दांपलीकडे एक समृद्ध सृष्टी आहे, याची जाणीव ते वाचकास करून देते.

आपल्या विद्यार्थ्यास हे वाङ्मय बहुधा इंग्रजीतूनच भेटते. त्यास चित्र प्रथम दाखवावे, परंतु तेथेच थांबू नये; अन्यथा आफ्रिका म्हणजे भुतांचा व मुखवट्यांचा प्रदेश, हा जुना ग्रहच दृढ व्हावयाचा. चित्रानंतर मूळ योरुबातील एखादा परिच्छेद कानी पडावा आणि मग अनुवाद हाती यावा. या क्रमाने गेल्यास चित्र हे आमिष न राहता वाचनाचा पहिला पाठ ठरेल.